रुग्णसंवाद व आरोग्यशिक्षण : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात वैद्यकीय साहाय्यकांची भूमिका

सारांश

ग्रामीण रुग्णाचा डॉक्टरांशी येणारा संबंध अल्पकाळाचा असतो. त्यापूर्वी आणि त्यानंतर त्याची गाठ पडते ती परिचारिका, आरोग्यसेविका, आरोग्यसेवक, आशा स्वयंसेविका किंवा खाजगी दवाखान्यातील कंपाउंडर यांच्याशी. औषध कसे घ्यावे, किती दिवस घ्यावे, ते मध्येच सोडल्यास काय होते, या गोष्टी रुग्णाला समजतात त्या बहुधा याच लोकांकडून. प्रस्तुत लेखात या सर्वांचा 'वैद्यकीय साहाय्यक' या व्यापक संज्ञेत समावेश करून, हिंगोली जिल्ह्याच्या सामाजिक व भाषिक पार्श्वभूमीवर त्यांच्या संवादकार्याचे स्वरूप स्पष्ट केले आहे. माहिती 'दिली' म्हणजे ती 'पोहोचली' असे नव्हे; रुग्णाने ती स्वतःच्या शब्दांत परत सांगितल्यावरच आरोग्यशिक्षण पूर्ण झाले असे मानावे, हा या लेखाचा मुख्य प्रतिपाद्य विषय आहे.

बीजसंज्ञा : रुग्णसंवाद, आरोग्यशिक्षण, वैद्यकीय साहाय्यक, आशा स्वयंसेविका, लोकभाषा, हिंगोली जिल्हा.

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राने गेल्या शतकात केलेली प्रगती थक्क करणारी आहे. तथापि औषध कितीही गुणकारी असले तरी ते रुग्णाने योग्य प्रमाणात, योग्य वेळी व ठरलेल्या मुदतीपर्यंत घेतले तरच त्याचा उपयोग होतो. रोगनिदान अचूक आहे, औषध उपलब्ध आहे, तेही मोफत आहे, आणि तरीही रुग्ण बरा होत नाही, असा अनुभव ग्रामीण आरोग्यव्यवस्थेत वारंवार येतो. अशा वेळी 'रुग्ण अडाणी आहे', 'लोक ऐकत नाहीत' असे म्हणून दोष रुग्णाच्या माथी मारला जातो. रुग्णाला नेमके काय सांगितले गेले, कोणत्या शब्दांत सांगितले गेले आणि त्याला त्यातून काय समजले, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात.

२००३ मध्ये रॉय केसल्स यांनी रुग्णांच्या स्मरणासंबंधीच्या संशोधनाचा आढावा घेतला. वैद्यकीय सल्ल्यातील ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात आणि जी लक्षात राहते तिच्यापैकी जवळजवळ निम्मी चुकीची असते, असे त्यांनी त्यात नमूद केले आहे. हे निरीक्षण प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतील रुग्णांविषयीचे आहे. ज्या रुग्णाला चिठ्ठीवरील अक्षर वाचता येत नाही, जो रोजंदारी बुडवून दवाखान्यात आला आहे आणि ज्याला परतीची बस गाठायची आहे, त्याच्या बाबतीत हा प्रश्न किती गंभीर असेल, याची कल्पना येऊ शकते.

उद्दिष्टे

१. वैद्यकीय साहाय्यक या संकल्पनेची ग्रामीण महाराष्ट्राच्या संदर्भात व्याप्ती स्पष्ट करणे.
२. हिंगोली जिल्ह्यातील भाषिक व सामाजिक परिस्थितीचा रुग्णसंवादावर होणारा परिणाम समजून घेणे.
३. प्रभावी आरोग्यशिक्षणाची पद्धती उदाहरणांसह मांडणे.
४. संवादाच्या नैतिक व कायदेशीर मर्यादा आणि त्यातील अडचणी यांची चर्चा करणे.

वैद्यकीय साहाय्यक : संकल्पना आणि व्याप्ती

पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, 'मेडिकल असिस्टंट' हा स्वतंत्र प्रशिक्षित व्यवसाय आहे. आपल्याकडे या नावाचे एकच पद सर्वत्र नाही. ते काम अनेकांत विभागलेले आहे. सुमारे ५,००० लोकसंख्येमागे (डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे) एक उपकेंद्र, हा शासकीय निकष आहे. उपकेंद्रातील आरोग्यसेविका म्हणजेच लोकांच्या बोलण्यातील 'नर्सबाई' किंवा 'सिस्टर'. तिच्या जोडीला बहुउद्देशीय आरोग्यसेवक असतो. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा प्रारंभ झाला व त्यातून साधारणपणे हजार लोकसंख्येमागे एक आशा स्वयंसेविका ही कल्पना पुढे आली. २०१८ नंतर आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांमध्ये समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. याखेरीज तालुक्याच्या गावांतील खाजगी दवाखान्यांत नावनोंदणी करणारा, सुई देणारा आणि पुड्या बांधून देणारा कंपाउंडर असतोच.

या सर्वांचे शिक्षण, अधिकार व वेतन भिन्न आहे. परंतु एका गोष्टीत त्यांच्यात साम्य आढळते. डॉक्टरांची शास्त्रीय भाषा आणि रुग्णाची घरगुती भाषा यांच्यामध्ये ते उभे असतात. चिठ्ठीवर '१-०-१' असे लिहिलेले असते. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हा त्याचा अर्थ शिकलेल्यालाही कोणीतरी सांगावा लागतो. तो सांगणारा माणूस म्हणजे वैद्यकीय साहाय्यक होय.

हिंगोली जिल्ह्याची पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ असून सुमारे ८५ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७८ टक्के होते. स्त्रियांमध्ये मात्र ते सुमारे ६९ टक्केच होते. याचाच अर्थ, जवळजवळ दर तिसऱ्या स्त्रीच्या बाबतीत भित्तिपत्रक, माहितीपुस्तिका किंवा औषधाच्या वेष्टनावरील मजकूर निरुपयोगी ठरत होता. या स्त्रियांना जे कळायचे ते ऐकूनच कळत होते.

भाषेच्या दृष्टीनेही जिल्हा एकजिनसी नाही. येथील मराठीवर मराठवाडी बोलीबरोबरच शेजारच्या वऱ्हाडीची छाया आहे. बंजारा तांड्यांवर घरात गोरबोली बोलली जाते. शहरांतील व मोठ्या गावांतील मुस्लिम कुटुंबांत दखनी उर्दूचा वापर आहे. आंध या आदिवासी जमातीची वस्ती प्रामुख्याने डोंगराळ पट्ट्यात असून आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय कळमनुरी येथे आहे. तांड्यावरची वृद्ध स्त्री मराठी समजू शकते, परंतु दुखणे सांगताना तिला स्वतःचीच भाषा लागते.

शेतीचे वेळापत्रक हा आणखी एक निर्णायक घटक आहे. सोयाबीनची काढणी, पुढे हळदीची काढणी, शिजवणी आणि वाळवण या काळात दवाखान्याची तारीख पाळणे मजुराला परवडत नाही. ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीवर गेलेली कुटुंबे चार-पाच महिने गावातच नसतात. 'पंधरा दिवसांनी या' हे वाक्य सांगणाऱ्याला सोपे वाटते. ऐकणाऱ्यासाठी तो एका दिवसाच्या मजुरीचा आणि प्रवासखर्चाचा प्रश्न असतो.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी हिंगोलीसह राज्यातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यामुळे जिल्ह्यात उच्च दर्जाच्या उपचारांची आशा निर्माण झाली आहे. परंतु महाविद्यालयाच्या रुग्णालयातून घरी परतलेल्या रुग्णाची पुढील काळजी गावातच घेतली जाणार, हे वास्तव त्यामुळे बदलत नाही.

संवाद हा उपचाराचाच भाग : काही अनुभव

योग्य संवादामुळे प्राण वाचतात, याचे सर्वांत ठळक उदाहरण १९७१ मधील आहे. बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे द्रावण पाण्यात तयार करून ते रुग्णांना तोंडाने पाजण्याचे काम नातेवाइकांकडे सोपविले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले. द्रावण साधे होते. ते कसे पाजावे, किती पाजावे व का थांबू नये, हे सामान्य माणसाला शिकविता येते, ही या प्रयोगातील खरी क्रांती होती.

पुढे १९८० ते १९९० या काळात बांगलादेशातील 'ब्रॅक' या संस्थेच्या स्त्री कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन सव्वा कोटीच्या आसपास कुटुंबांतील मातांना चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांचे मिश्रण करण्यास शिकविले. या मोहिमेतील एक तरतूद विशेष लक्षणीय होती. कार्यकर्तीचा मोबदला तिने किती घरांना भेटी दिल्या यावर ठरत नसे. काही दिवसांनी दुसरी व्यक्ती त्यांतील निवडक घरी जाऊन मातेला काय आठवते व द्रावण बरोबर करता येते का, हे तपासत असे आणि त्यावर मोबदला ठरत असे. आणखी एक गोष्ट निदर्शनास आली. मातांना कृती पाठ झाली होती, तरी प्रत्यक्ष वापर अपेक्षेपेक्षा कमी होता. शोध घेतला असता स्वतः कार्यकर्त्यांचाच त्यावर पुरेसा विश्वास नव्हता, तसेच घरातील पुरुषांना या साऱ्यातून वगळले गेले होते, असे आढळले. त्यानंतर कार्यकर्त्यांना द्रावणामागील शास्त्र समजावून देण्यात आले आणि पुरुषांशीही बोलणे सुरू झाले.

महाराष्ट्रातील अनुभवही याच दिशेने जातो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये कार्य सुरू केले. गावातीलच, बहुधा अल्पशिक्षित किंवा निरक्षर स्त्रियांना त्यांनी ग्राम आरोग्यसेविका म्हणून घडविले. गडचिरोली येथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट झाल्याचे त्यात दिसून आले. आजारी बालकावर घरीच उपचार करण्याबरोबरच बाळाला ऊब कशी द्यावी, स्तनपान केव्हा सुरू करावे व धोक्याची लक्षणे कशी ओळखावीत, याचे मातेला दिलेले शिक्षणही या प्रयोगाचा अविभाज्य भाग होते. २०११ पासून देशभर आशा स्वयंसेविकांमार्फत ज्या गृहभेटी होतात, त्यांचा पाया या प्रयोगात आहे. रुग्णालयात प्रसूती झाल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी अपेक्षित असतात.

रुग्णाची भाषा समजून घेणे

शिक्षण देण्यापूर्वी ऐकणे आवश्यक असते. 'कणकण', 'कसर', 'चमक', 'घेरी', 'अंगावरून जाणे' या शब्दांना ग्रामीण जीवनात निश्चित अर्थ आहेत. 'कसर' म्हणणारा रुग्ण बारीक पण हटत नसलेल्या तापाविषयी बोलत असतो, आणि अशा तापासोबत दोन आठवड्यांचा खोकला असेल तर थुंकीची तपासणी करणे अगत्याचे ठरते. 'अंगावरून जाते' असे एखादी स्त्री खालच्या आवाजात सांगते, तेव्हा ते पांढरे जाणे आहे की रक्तस्राव, हे वेगळे विचारावे लागते. पुरुष आरोग्यसेवकासमोर ती हे शब्द उच्चारणारच नाही.

औषधांविषयीही लोकांचे स्वतःचे शास्त्र असते. पदार्थ व औषधे 'गरम' किंवा 'थंड' मानली जातात. सुई किंवा सलाईन म्हणजेच खरा उपचार, अशी समजूत आढळते. याच लोकसमजुतींमध्ये आरोग्यशिक्षणाला उपयोगी पडणारी एक संकल्पना मात्र आहे, ती म्हणजे 'पथ्य'. औषध हातात पडताच ग्रामीण रुग्ण 'पथ्य काय पाळायचं?' असे हमखास विचारतो. घाईत असलेला साहाय्यक 'काही नाही, सगळं खा' असे म्हणून विषय संपवितो. वास्तविक रुग्ण स्वतः होऊन सल्ला मागत असतो. त्या क्षणी सांगितलेली एखादी गोष्ट, उदाहरणार्थ 'ही गोळी चहासोबत घ्यायची नाही, हेच हिचं पथ्य', भाषणापेक्षा अधिक टिकते.

संवादाची पद्धती

पहिली पायरी विचारण्याची. रुग्णाला आधीच काय माहीत आहे, त्याला कशाची भीती वाटते, हे जाणून घेतल्याशिवाय सांगण्यास सुरुवात करू नये. मधुमेह असलेल्या सासूला औषध समजावताना घरात स्वयंपाक कोण करते, हे ठाऊक नसेल तर आहाराचा सल्ला चुकीच्या व्यक्तीला दिला जातो.

दुसरी पायरी थोडे सांगण्याची. एका भेटीत दोन किंवा तीनच गोष्टी, त्याही महत्त्वाच्या क्रमाने सांगाव्यात. 'नियमितपणे', 'पुरेशा प्रमाणात' या शब्दांना घरात माप नसते. 'रात्री जेवणानंतर', 'एक लिटर पाण्यात एक पूर्ण पुडी' या शब्दांना असते. जलसंजीवनीची अर्धी पुडी पेलाभर पाण्यात कालविली तर द्रावण अतिशय तीव्र होते. म्हणून एक लिटरचे भांडे त्या घरात कोणते, हे तेथेच दाखवून ठरवावे. निरक्षर रुग्णासाठी गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य व चंद्र काढण्याची पद्धत साधी परंतु परिणामकारक आहे.

तिसरी पायरी परत म्हणवून घेण्याची असून ती सर्वांत महत्त्वाची आहे. 'समजलं का?' या प्रश्नाला आपल्याकडे 'हो' हेच उत्तर येते. त्यात अदब असते, संकोच असतो, निघण्याची घाई असते; समजल्याची खात्री मात्र नसते. त्याऐवजी 'आजी, घरी गेल्यावर सुनेला या गोळ्यांचं काय सांगाल?' असे विचारले असता आजीबाईंना स्वतःच्या शब्दांत सांगावे लागते. त्यांचे चुकले तर 'माझंच सांगायचं राहिलं' असे म्हणून साहाय्यकाने पुन्हा सांगावे. चूक स्वतःकडे घेतल्याने रुग्णाचा मान राखला जातो आणि पुढच्या वेळी तो मोकळेपणाने बोलतो. श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढण्याची ही रीत महाराष्ट्राला परकी नाही. संत गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) कीर्तनातून स्वच्छतेची शिकवण देताना याच सवाल-जबाबाचा उपयोग केला होता.

चौथी पायरी अडचण विचारण्याची. 'हे घरी करताना काय अडचण येईल?' या एका प्रश्नाने, एरवी पंधरा दिवसांनी उघडकीस आली असती ती गोष्ट त्याच दिवशी कळते.

तीन उदाहरणे

(अ) गरोदरपणातील लोहाच्या गोळ्या : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदरपणात दुसऱ्या तिमाहीपासून किमान १८० दिवस व प्रसूतीनंतरही १८० दिवस लोह-फॉलिक ॲसिडची रोज एक गोळी घेणे अपेक्षित आहे. गोळ्या मोफत मिळतात, परंतु अनेक घरांत त्या फडताळातच राहतात. शौचास काळे होते, मळमळते, गोळ्या 'गरम पडतात', बाळ काळे होईल किंवा फार मोठे होऊन प्रसूती अवघड होईल, अशी त्यामागील कारणे असतात. 'गोळ्या खाल्ल्या का?' असे दरडावून विचारल्यास 'हो' असेच उत्तर मिळते. याउलट, गोळ्या देतानाच 'शौचास काळं होईल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळलं तर रात्री जेवणानंतर घ्या. चहा आणि कॅल्शियमची गोळी हिच्याबरोबर नको, मध्ये दोन तास जाऊ द्या' असे सांगितले, तर त्रास झाल्यावर तो अपेक्षित होता हे तिला आठवते आणि सांगणाऱ्यावरचा विश्वास वाढतो. हे बोलणे सासूच्या उपस्थितीत झाल्यास अधिक उपयोगी पडते, कारण गोळी घ्यावी की नाही हा निर्णय अनेकदा सुनेचा एकटीचा नसतो.

(आ) क्षयरोग : औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा उपचार साधारणपणे सहा महिन्यांचा असतो, पहिले दोन महिने चार औषधे, पुढील चार महिने तीन. काही आठवड्यांतच खोकला व ताप कमी होतो, भूक लागते, वजन वाढते आणि रुग्ण स्वतःला बरा समजू लागतो. नेमक्या याच वेळी औषध सोडले जाते. त्यातून रोग उलटण्याचा व जंतू औषधांना दाद न देण्याचा धोका संभवतो. 'बरं वाटणं आणि बरं होणं यांत चार महिन्यांचं अंतर आहे' हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगावे लागते. रिफॅम्पिसिनमुळे लघवी तांबूस होते, हे न सांगितल्यास रुग्ण रक्त जाते असे समजून घाबरतो. हिंगोलीच्या संदर्भात आणखी एक प्रश्न विचारणे अनिवार्य आहे : 'दिवाळीनंतर कुठे जाणार?' रुग्णाची नोंद निक्षय प्रणालीत असल्याने त्याचा उपचार दुसऱ्या जिल्ह्यातील वा राज्यातील शासकीय केंद्रात चालू ठेवता येतो. हे त्याला ठाऊक नसेल तर कारखान्याच्या फडावर गोळ्या संपतात आणि उपचारही संपतो. पोषण आहारासाठी २०१८ पासून मिळणारी दरमहा ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये करण्यात आली आहे. तिची माहिती देणे हेही आरोग्यशिक्षणच होय.

(इ) उच्च रक्तदाब व मधुमेह : येथे अडचण उलट आहे. रुग्णाला काहीच त्रास होत नाही. 'दुखत नाही तर गोळी कशाला?' हा त्याचा प्रश्न तर्कशुद्ध आहे. दुखण्यासाठी नव्हे, तर पुढे येऊ शकणारा पक्षाघात, हृदयविकार व मूत्रपिंडाचा आजार टाळण्यासाठी ही गोळी आहे, हे त्याला पटवून द्यावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मिठाची शिफारस केली आहे. परंतु 'मीठ कमी करा' एवढे म्हणणे पुरेसे नाही. लोणचे, पापड, ठेचा यांतील मीठ रुग्ण मोजत नाही. उपवासाचा प्रश्नही याच संदर्भात येतो. एकादशीला किंवा रमजानच्या महिन्यात अनेकजण गोळ्या बंद ठेवतात. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपाशी राहणे धोक्याचे ठरू शकते आणि मनाने गोळी बंद करणेही हिताचे नाही. म्हणून सण येण्यापूर्वीच डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा ठरवून घेण्यास रुग्णाला सुचवावे. श्रद्धेची टवाळी केल्यास रुग्ण उपवास सोडत नाही, दवाखाना सोडतो.

मर्यादा, नीती आणि कायदा

साहाय्यकाने काय बोलावे याइतकेच काय बोलू नये, हेही महत्त्वाचे आहे. रोगनिदान जाहीर करणे, औषध बदलणे किंवा 'काही होणार नाही' अशी हमी देणे हे त्याचे काम नव्हे. 'हे मी डॉक्टरांना विचारून सांगते' या वाक्याने तिची प्रतिष्ठा कमी होत नाही. गरोदर स्त्रीच्या पायांवर व चेहऱ्यावर सूज, डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, बालकाचे दूध पिणे बंद होणे, सर्पदंश, छातीत दाब येऊन घाम फुटणे, अशा प्रसंगी शिक्षण देत बसणे घातक असते. तेथे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे हेच कर्तव्य ठरते.

गोपनीयता हा गावपातळीवरील सर्वांत नाजूक विषय होय. आशा त्याच गावची सून असते. रुग्ण तिचा भाऊबंद किंवा शेजारी असतो. क्षयरोग, वंध्यत्व, गर्भपात, मानसिक आजार यांविषयीचा एक शब्द पाणवठ्यावर पोहोचला तर त्या घरातील मुलीचे लग्न अडू शकते. एचआयव्हीबाधित व्यक्तीची माहिती उघड करण्यावर २०१७ च्या कायद्याने निर्बंध घातले आहेत. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा, १९९४ नुसार गर्भाचे लिंग शब्दांनी, खुणेने वा अन्य कोणत्याही प्रकारे सांगणे हा गुन्हा आहे. सूचक हास्य किंवा 'पेढे आणा' असे म्हणणेही त्यात येते.

संमतिपत्रावर अंगठा घेणे हे बहुधा साहाय्यकाकडे सोपविलेले काम असते. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये, उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमतीच ग्राह्य असल्याचे स्पष्ट केले. ही माहिती देण्याची जबाबदारी डॉक्टरांची आहे. ती न देताच अंगठा घेण्यास सांगितले गेल्यास रुग्णाला काही समजलेले नाही, हे डॉक्टरांच्या लक्षात आणून देणे हे साहाय्यकाचे नैतिक कर्तव्य ठरते.

अडचणी आणि उपाय

या अपेक्षा कागदावर मांडणे सोपे आहे. प्रत्यक्षात बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असते आणि एका रुग्णाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. आरोग्यसेविकेचा बराच वेळ नोंदवह्या, ऑनलाइन माहिती भरणे व बैठका यांत जातो. आशा स्वयंसेविकेला कामावर आधारित मोबदला मिळतो. 'किती गोळ्या वाटल्या' याची नोंद होते, 'किती जणींना समजले' याची होत नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. परंतु गौरवाने दिवसाचे तास वाढत नाहीत.

तरीही काही उपाय अल्प खर्चात शक्य आहेत. परत म्हणवून घेण्याच्या पद्धतीस एक-दोन मिनिटे लागतात आणि चुकलेल्या उपचारामुळे होणारी पुढची फेरी त्यातून वाचू शकते. मासिक बैठकीत आकडेवारीबरोबर एका फसलेल्या संवादाची मोकळेपणाने, कोणालाही दोष न देता चर्चा करता येईल. पर्यवेक्षकाने नोंदवही तपासताना दोन घरी जाऊन रुग्णाला काय आठवते ते विचारले, तर 'ब्रॅक'च्या अनुभवातील सार येथेही उतरेल.

महाविद्यालयांनाही या कार्यात निश्चित स्थान आहे. मराठी व उर्दू विभागांनी परिसरातील आजारविषयक बोलीशब्दांचा संग्रह अर्थासह तयार करावा. बंजारा विद्यार्थ्यांच्या साहाय्याने गोरबोलीतील शब्द त्यात जोडावेत. समाजशास्त्र व गृहविज्ञान विभागांनी गोळ्या न घेण्यामागील कारणांचा शोध घ्यावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत प्रभातफेरी व घोषणांबरोबरच विद्यार्थ्यांनी उपकेंद्राच्या मार्गदर्शनाखाली दहा घरी बसून ऐकण्याचे काम केले, तर त्यांचेही शिक्षण होईल.

निष्कर्ष

१. ग्रामीण भागात रुग्णशिक्षणाचा मुख्य भार वैद्यकीय साहाय्यकांवर असून त्यांचे बोलणे हे उपचाराला जोडलेले पूरक काम नसून उपचाराचाच घटक आहे.
२. हिंगोलीसारख्या बहुभाषिक व स्थलांतर असलेल्या जिल्ह्यात छापील साहित्यापेक्षा रुग्णाच्या भाषेतील प्रत्यक्ष संवाद अधिक परिणामकारक ठरू शकतो.
३. औषधांचे अपेक्षित त्रास आधीच सांगितल्यास उपचार सोडण्याचे एक प्रमुख कारण दूर होते.
४. रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगणे, हीच माहिती पोहोचल्याची विश्वसनीय कसोटी होय.
५. गोपनीयता, संमती व स्वतःच्या अधिकाराची मर्यादा यांचे भान हा संवादकौशल्याचाच भाग आहे.

समारोप

नव्या इमारती, यंत्रे व औषधे यांची गरज निर्विवाद आहे. परंतु तांड्यावरच्या एखाद्या घरात, चिमणीच्या उजेडात गोळ्यांचे पाकीट हातात घेऊन बसलेल्या स्त्रीला शेवटी आधार असतो तो कोणीतरी नीट सांगितलेल्या दोन वाक्यांचा. ती वाक्ये तिला आठवली तर उपचार पुढे चालू राहतो. न आठवल्यास जिल्हा रुग्णालयात झालेले अचूक निदानही त्या पाकिटातच पडून राहते. म्हणूनच ती दोन वाक्ये सांगणाऱ्या व्यक्तीचे प्रशिक्षण, तिचा वेळ आणि तिचा सन्मान यांची तरतूद करणे, हा आरोग्यनियोजनातील अग्रक्रमाचा विषय व्हायला हवा.